इंट्रोड्यूसर कोण?

प्रति,
आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सर्व सभासद आणि संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे तिन्ही अ‍ॅडमिन,
कोथरूड, पुणे.

स. न. वि. वि.

फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीचा विषय मासिक सभेत मांडायचा होता. पण आपल्याकडे 'आयत्या वेळचे विषय' येईपर्यंत चहा आलेला असतो, आणि चहा आला की सभा संपते. म्हणून लिहून काढतोय. घरातलं चव्हाट्यावर कशाला, असं काहीजण म्हणतील. पण कोथरूडमध्ये जे आमच्या संघात घडलं ते सहकारनगरच्या किंवा औंधच्या संघात घडत नसेल असं मला वाटत नाही, म्हणून पत्र उघडंच ठेवतोय.

मी १९७९ साली बँकेत लागलो आणि हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालो. हे आपल्याला पाठ आहे, कारण मी ते दर आठवड्याला सांगतो. पण सुरुवातीची ७ वर्षं मी खाती उघडण्याच्या काउंटरवर होतो, ते फारसं कोणाला सांगितलेलं नाही. त्या फॉर्मच्या तळाशी एक चौकट असायची, 'इंट्रोडक्शन'. आपल्या शाखेत आधीपासून खातं असलेल्या कोणीतरी तिथे सही करायची: मी या गृहस्थांना ओळखतो. ती सही आम्ही स्पेसिमन कार्डावरच्या सहीशी ताडून पाहायचो. इंट्रोड्यूसर नाही, तर खातं नाही. माणूस कितीही कडक इस्त्रीचा असो.

खातं उघडलं की शाखेतून दोन पत्रं निघायची. एक नव्या खातेदाराला आणि एक सही देणाऱ्याला: आपण अमुक यांची ओळख करून दिलीत, आभारी आहोत. लोकांना वाटायचं, बँक काय सभ्य आहे! सभ्यतेचा त्यात काही संबंध नव्हता. नव्या माणसाचा पत्ता खरा आहे का आणि जुन्या माणसाने सही खरोखर केली आहे का, हे पोस्टमनकडून तपासून घ्यायची ती युक्ती होती. पत्र परत आलं की साहेब खात्यावर लाल शाईने खूण करायचे.

लक्ष्मी रोडवरच्या एका कापड दुकानदाराने एकदा अशीच सही दिली. दुकानात दोन-तीनदा आलेल्या, गोड बोलणाऱ्या एका गिऱ्हाईकाला. महिन्याभरात त्या खात्यात चोरीचा चेक जमा झाला, वटला, पैसे निघाले आणि गिऱ्हाईक गायब. साहेबांनी दुकानदाराला केबिनमध्ये बोलावलं. बिचारा रडकुंडीला आला होता. "साहेब, मी फक्त सही केली हो." साहेब म्हणाले, "आम्ही तेवढीच तर मागितली होती."

आता माझी गोष्ट. निम्म्या संघाला ती अर्धवट माहीत आहे, आणि अर्धवट गोष्टीत माणूस जास्त मूर्ख दिसतो. तेव्हा पूर्णच सांगतो.

मागच्या पावसाळ्यात एका मंगळवारी फेसबुकवर माझ्या जुन्या सहकाऱ्याची फ्रेंड रिक्वेस्ट आली. पूर्वी तो आपल्या संघात होता, आता मुलाकडे बाणेरला असतो. फोटो त्याचाच, मुलाच्या लग्नातला, फेटा बांधलेला. तो माझ्या यादीत आधीपासून आहे हे मला आठवत होतं. पण वाटलं, पासवर्ड विसरला असेल. आपल्यातले निम्मे लोक पासवर्ड विसरले की नवीन खातंच काढतात. खाली लिहिलं होतं, २२ म्युच्युअल फ्रेंड्स, म्हणजे दोघांचे सामाईक मित्र. नावं वाचली, सगळी आपलीच. कन्फर्म दाबलं.

तासाभरात मेसेंजरवर आलं, 'हाय, हाऊ आर यू'. मी मराठीत उत्तर दिलं. तिकडून पुन्हा इंग्रजी. खरं तर माझी ट्यूब तिथेच पेटायला हवी होती. हा माणूस पैसे काढायची स्लिपसुद्धा मराठीत भरणारा, अक्षरी रकमेपुढे 'फक्त' लिहायला कधी न विसरणारा. मला तो नावाने हाकच मारत नाही, 'बंडलशेठ' म्हणतो. (नोटांच्या बंडलांवरून. दुसरा अर्थ आपण लावू नये.)

मग मुद्दा आला. त्याच्या ओळखीचा कोणी निमलष्करी दलातला अधिकारी. पुण्याहून जम्मूला बदली. सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळं जेमतेम ६ महिने वापरलेलं, मिळून ४० हजारांत. फोटो आले. सोफ्याचा रंग आमच्या हिला आवडेल असं मीच ठरवून टाकलं. मग अधिकाऱ्याचा फोन. आवाज एकदम कडक, ओळखपत्राचा फोटोही आला. ८,००० आगाऊ मागितले, मग १०,५०० वाहतुकीचे. ते म्हणे सामान घरात उतरलं की परत. मी दोन्ही रकमा पाठवल्या. घरबसल्या, आरामखुर्चीत, बनियनवर.

मित्राला एक फोन का केला नाही, असं मला सगळ्यांनी विचारलं. सांगतो. दुपारचे दोन वाजले होते. पुण्यात दुपारी एक ते चार कोणाला फोन करायचा नसतो, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे. त्याची झोपमोड नको म्हणून मी १८,५०० रुपये एका अनोळखी माणसाला देऊन टाकले. साडेचारला फोन लावला. तो म्हणाला, "बंडलशेठ, कसला सोफा? पाठ धरल्यापासून मी जमिनीवर झोपतोय."

नोकरीत असताना एकदा १० रुपये जुळत नाहीत म्हणून मी रात्री नऊपर्यंत शाखेत बसलो होतो. आणि निवृत्तीनंतर हे.

त्यानंतरची चूक जास्त मोठी होती. सायबर फसवणुकीसाठी १९३० ही हेल्पलाइन आहे हे मला माहीत होतं. आपल्या फळ्यावर तो नंबर मीच खडूने लिहिलेला आहे. तरी मी फोन लावला दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, कारण त्या रात्री मला लाज वाटत होती. तिथे सगळा खेळ वेळेचा असतो. तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला कळवलं जातं आणि रक्कम खात्यात शिल्लक असेल तर तिथेच अडवतात. चोर मात्र ती पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चौथ्यात फिरवत असतो. माझे पैसे रात्रीतच फिरून गेले होते. ते परत आलेले नाहीत.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळून टाकलं असतं. पण तीन दिवसांनी आपल्या संघातल्या एका ताईंचा फोन आला. त्यांनाही तीच रिक्वेस्ट गेली होती, त्यांनीही ती घेतली आणि त्यांचेही ५,००० गेले. मी विचारलं, "ताई, तुम्ही कशी काय घेतलीत?" त्या म्हणाल्या, "खाली तुमचं नाव होतं ना. म्हटलं, बँकवाले आहेत, बघूनच घेतली असेल."

मला तो कापड दुकानदार आठवला.

मंडळी, मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. फेसबुकवर आपण कन्फर्म दाबतो तेव्हा वाटतं, हा माझा आणि त्या माणसाचा प्रश्न. तसं नसतं. त्या क्षणी आपण आपल्या यादीतल्या प्रत्येकासाठी त्या माणसाच्या फॉर्मवर सही करतो. माझ्या पडद्यावर जे '२२ म्युच्युअल' दिसले त्या २२ सह्या होत्या. एकाही सहीमागे कोणी माणसाला पाहिलेलं नव्हतं. पहिल्याने आळसात केली, दुसऱ्याने पहिल्याची पाहून केली, आणि तेविसावी माझी. आमच्या शाखेत २२ सह्यांचा फॉर्म आला असता तर साहेबांनी आधी पोलिसांना फोन केला असता.

फेसबुक ५,००० मित्रांपर्यंत परवानगी देतं. रॉबिन डनबार नावाच्या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात मांडलं की माणसाला साधारण १५० जणांशीच खरे संबंध सांभाळता येतात. त्यावर वाद आहेत. मला हे शास्त्र कळत नाही, पण आमच्या नातवाच्या मुंजीची यादी १६० वर थांबली होती, तेही दोन्हीकडचे धरून, एवढं मात्र खरं. माझ्या फेसबुकवर तेव्हा १,३४० मित्र होते. मी गेल्या साडेचार महिन्यांत रोज सकाळी पोह्यांबरोबर दहा-दहा नावं तपासली. एकच प्रश्न विचारला: हा माणूस रस्त्यात भेटला तर मी थांबेन का? आता २११ उरलेत. त्यातले १४ हयात नाहीत, त्यांना काढवत नाही. पण वाढदिवस दाखवला की त्यांच्या भिंतीवर 'जीवेत शरदः शतम्' लिहिणारे आपल्यातच आहेत. त्यांनी जरा चौकशी करावी ही विनंती. (फेसबुक असं खातं स्मृतीखातं म्हणून वेगळं ठेवतं. घरच्यांनी मृत्यूचा दाखला देऊन कळवायचं असतं.)

चोराला आपली यादी मिळते कुठून, असं एका काकांनी विचारलं होतं. आपणच ती दारात वाळत घातलेली असते. फेसबुकच्या सेटिंगमध्ये 'तुमची मित्रयादी कोणाला दिसावी' असा प्रश्न आहे, तिथे 'ओन्ली मी' करा. २०२० पासून भारतात प्रोफाइलला कुलूप लावायचीही सोय आहे. अनोळखी माणसाला मग आपला फोटो मोठा करून पाहता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स, तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' करा. याने काय वाचतं ते ऐका.

आपल्यातल्या एका निवृत्त प्राध्यापकांना न विचारता कोणीतरी शेअर बाजाराच्या ग्रुपात घातलं. सव्वाशे माणसं. रोज सकाळी एक 'सर' टिप देणार आणि दुपारपर्यंत सव्वाशे माणसं नफ्याचे स्क्रीनशॉट टाकून सरांना साष्टांग दंडवत घालणार. जत्रेत तीन पत्त्यांचा डाव मांडलेल्याच्या भोवती जे जिंकत असतात ते कोणाचे भाऊबंद असतात, हे आपण लहानपणी बघितलेलं आहे. ग्रुपात तेच चाललं होतं, फक्त धूळ नव्हती. प्राध्यापकांच्या अ‍ॅपवर ११ लाखांचा नफा दिसायला लागला. काढायला गेले तर म्हणे आधी २ लाख टॅक्स भरा, या बचत खात्यात. तेव्हा ते माझ्याकडे आले. आयकर खातं कधी कोणा त्रयस्थाच्या बचत खात्यात कर घेत नाही, हे सांगायला बँकेची नोकरी लागत नाही. पण त्या सव्वाशे जणांच्या गजरात साधी गोष्ट ऐकू येईनाशी होते. सल्लागाराची नोंद सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर पाहता येते, आणि खात्रीच्या नफ्याची हमी सेबी कोणालाच देऊ देत नाही. 'डिजिटल अरेस्ट'बद्दल, म्हणजे व्हिडिओ कॉलवरचे खोटे पोलीस घरबसल्या 'अटक' करून पैसे उकळतात त्याबद्दल, तर मी काही लिहीतच नाही. तशी अटक कायद्यात नाही, हे खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये सांगितलं. त्यावरही आपल्या ग्रुपवर 'जय हिंद'चे ४० अंगठे आले आणि मजकूर कोणी वाचला नाही.

आता अ‍ॅडमिन महोदयांकडे वळतो.

२५ जुलै २०२४ ची पहाट आठवा. रात्रभर पाऊस, वर खडकवासल्यातून विसर्ग, आणि सिंहगड रोडला एकतानगरीत घराघरांत पाणी. आपल्यातल्या एका सभासदांची मुलगी तिथे राहते. त्यांनी पहाटेच ग्रुपवर लिहिलं होतं: 'लेकीच्या पार्किंगमध्ये पाणी छातीएवढं, वरच्या मजल्यावर अडकलेत, सासूबाईंचं इन्सुलिन भिजलं, कोणाकडे आहे का?' तो निरोप मी वाचला सव्वानऊला. कारण त्याच्यावर ६३ शुभ सकाळ येऊन पडल्या होत्या. कमळं, मोर, वाफाळता चहा, एक सुविचार तर चक्क पाण्यासारखं निर्मळ असावं असा. माझ्या फ्रिजमध्ये त्या वेळी इन्सुलिनची न उघडलेली पेनं होती.

त्याच दिवशी दुपारी भिडे पुलाचा एक व्हिडिओ फिरला, पाणी कठड्यावरून जाणारा. आपल्या ग्रुपवर चौघांनी टाकला. त्यात मेट्रोचे खांबच दिसत नव्हते, म्हणजे कैक वर्षांपूर्वीचा. भिडे पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातोच, त्याला जुना व्हिडिओ कशाला लागतो?

गंमत म्हणून हसण्यावारी नेतो आपण. पण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे डवरी गोसावी होते ते, भिक्षुकीसाठी फिरणारे. अफवा मोबाइलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. तेव्हा आपल्या ग्रुपवर या मर्यादेबद्दल कुरकुर झाली होती, माझीही होती. निरोपावर दुहेरी बाण दिसला की तो हातोहात फिरून आलाय एवढं समजावं. त्यावर कोणाचीच सही नसते.

हे वाचून कोणी म्हणेल, हा गृहस्थ फोन बंद करून बसा म्हणतोय. अजिबात नाही. आपल्यातल्या निवृत्त ओव्हरसीअरसाहेबांचंच पाहा. त्यांच्याकडे आजोबांच्या ट्रंकेत मोडी लिपीतले पंधरा-वीस कागद होते. पंच्याहत्तरीला माणूस मोडी शिकायला निघाला. फेसबुकवर मोडी वाचणाऱ्यांच्या एका गटात गेले आणि पहिले तीन महिने काहीही न लिहिता नुसतं वाचत बसले. कोण चुकलं की कबूल करतं, कोण नुसतं मिरवतं, कोण दुसऱ्याच्या कागदाचा फोटो आपला म्हणून टाकतं, सगळं बघून ठेवलं. मग एक कागद टाकला. मोडीत ह्रस्व-दीर्घ नाही आणि लिहिणारा हात उचलत नाही, त्यामुळे दोन शब्द कुठे तुटतात तेच कळेना. तंजावरच्या एका बाईंनी वाचून दिला. तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे ढीग आहेत. दोघांची प्रत्यक्ष भेट नाही. दीड वर्ष फक्त अक्षरांवर वाद. एकमेकांचे वाढदिवससुद्धा त्यांना माहीत नाहीत, असं साहेब अभिमानाने सांगतात.

मागच्या महिन्यात त्यांनी मला तो कागद दाखवला. मुळशीकडच्या जमिनीचं खरेदीखत. फिकट तपकिरी शाई, आधी आखलेली लांब शिरोरेषा आणि तिला लोंबकळणारी अक्षरं. मजकूर मला एक अक्षर कळला नाही. पण तळाशी साहेबांनी बोट ठेवलं, तिथे 'साक्ष' होतं आणि खाली पाच नावं. दोघांना लिहिता येत होतं. उरलेल्या तिघांनी नावापुढे छोटा नांगर काढलेला, कुणब्याची निशाणी. एक नांगर जरा वाकडा होता. साहेब म्हणाले, "या माणसाला अक्षर येत नव्हतं, पण व्यवहार समोर बसून बघितल्याशिवाय याने नांगर काढला नसेल."

तर अ‍ॅडमिन महोदय, माझ्या तीन सूचना. पहिली, ग्रुप दोन करा. एकात फुलं, मोर, चहा, सगळं मोकळं. दुसऱ्यात फक्त निरोप, ज्याला खरंच काही हवं आहे किंवा द्यायचं आहे त्याचा. दुसऱ्या ग्रुपात शुभ सकाळ आली तर पाठवणाऱ्याने त्या दिवशीचा चहा पाजावा. दुसरी, नवा नंबर घेताना कोणाच्या ओळखीने घेतला ते ग्रुपवर लिहा, आणि त्या ओळख देणाऱ्याला अ‍ॅडमिनने स्वतः फोन करून आभार माना. आभार कशासाठी ते वर सांगितलंच आहे. तिसरी, ज्यांचे पैसे गेले त्यांना संघात चिडवणं बंद. मला 'सोफासेट' म्हणतात ते मी सोसेन, पण ज्या ताईंचे ५,००० गेले त्यांनी घरी अजून सांगितलेलं नाही, केवळ या हसण्यापायी. पुढच्या माणसाने त्याच दुपारी १९३० लावायचा असेल तर त्याला आपल्या हसण्याची भीती वाटता कामा नये.

सेटिंग कोणाला जमत नसेल तर मी मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच ते सहा वाचनालयाच्या बाकावर असतो. फोन चार्ज करून आणावा. चष्माही आणावा, मागच्या वेळी तिघांनी माझाच वापरला.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त हेड कॅशियर

ता. क. : माझं फेसबुकवर एकच खातं आहे आणि दुसरं मी काढणार नाही. माझ्या नावाने आणखी एखादी रिक्वेस्ट आली, किंवा मी कोणाकडे पैसे मागितले, तर आधी मला फोन करा. घरचा लँडलाइन नंबर संघाच्या वहीत आहे. दुपारी दोन वाजता केला तरी चालेल.